शेळीच्या एकतीस चुका

“मग खोटं बोलायला हवं होतं का मी?” ओजसने विचारलं.

इलाही वस्ताद ब्रश घासलेटात बुडवून धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तिनेच लिहिलं होतं, वस्ताद. ‘शिकते आहे, चुका सांगा.’ मी सांगितल्या. सगळ्या खऱ्या. एकही उगाच नाही.”

“किती?”

“एकतीस.”

“मोजल्यास?”

“क्रमांक घालून दिल्या. तिला सोपं जावं म्हणून.”

वस्तादांनी ब्रश झटकला, फडक्याला पुसला आणि उन्हात ठेवला. 

ओजस बेहेरे सकाळच्या पहिल्या गाडीने पुण्याहून निघून कण्हेरी फाट्यावर उतरला होता. हुशार मुलगा. हुशारीचा त्रास आधी शेजारच्यांना होतो आणि मग स्वतःला. त्याची पाळी आत्ता कुठे आली होती. तो कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायचा. रंगांचं कळावं म्हणून गेली दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी वस्तादांकडे येत होता.

वस्तादांनी चाळीस वर्षं थिएटरांसाठी सिनेमाचे बॅनर रंगवले. लहान फोटोवर चौकटी आखायच्या, कापडावर तेवढ्याच मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेक भरत जायची. पुढे छापील फ्लेक्स आले आणि ते काम बसलं. साठी उलटल्यावर नातीच्या कॉम्प्युटरवर त्यांनी पाहिलं, की खेळातली चित्रंही चौकटी भरूनच करतात. “हे तर आपलंच काम,” म्हणाले, आणि झाडं काढत बसले.

इंटरनेटवर एक जागा आहे. खेळ बनवणाऱ्यांसाठी लोक तिथे आपली चित्रं फुकट ठेवतात. कुणीही घ्यावीत, कुठेही वापरावीत, काढणाऱ्याचं नावसुद्धा द्यायला नको. चित्राखाली कुणीही अभिप्राय लिहावा. वस्तादांची बाभूळ तिथून उचलून कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरांनी आपल्या खेळात लावली आहे. वस्तादांना त्या देशांची नावंही धड घेता येत नाहीत.

त्याच जागेवर वाशीमकडच्या शलाका पुंड नावाच्या मुलीने एक शेळी ठेवली होती. चार चित्रांची शेळी. चारही एकामागून एक दाखवली की शेळी चालते. ओजसने तिला कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे शलाकाला. शेळीला मात्र त्याने आठपट मोठी करून, चौकट न् चौकट पाहिली होती.

“काय म्हणाली मग ती?” वस्तादांनी विचारलं.

ओजसने मोबाईल काढला. वाचायची गरज नव्हती, पाठ झालं होतं. तरी वाचलं.

“‘सगळं बरोबर आहे. रविवारी संध्याकाळी माझी सगळी चित्रं तिथून काढून टाकते. हे काम आपल्याला जमणारं नाही, हे वेळेवर कळलं ते बरं झालं. आभारी आहे.’”

“रविवार म्हंजे…”

“आज.”

वस्तादांनी आभाळाकडे पाहिलं. ऊन अजून कोवळं होतं.

“मला तिला काहीतरी लिहायला हवं, वस्ताद. संध्याकाळच्या आत. काय लिहू ते कळत नाही. दोन दिवस मला जेवण जात नाहीये.”

“लिहिलंस का काही?”

“दोनदा. पाठवलं नाही.” त्याने पहिलं वाचलं. “‘मला माफ कर. मी माझे मुद्दे मागे घेतो.’”

“खोटे होते?”

“नाही.”

“मग मागं कसं घेतोस?”

ओजसने दुसरं वाचलं. “‘तुझी शेळी खरं तर फार सुंदर आहे. तुझ्या हातात जादू आहे.’”

“हे खरं हाय?”

“म्हणजे… अगदी खोटं नाही.”

“मग इतके दिवस कुठं ठिवलं हुतंस?”

ओजसने मोबाईल खिशात घातला. खरं सांगितलं तर मुलगी काम सोडते, मागे घेतलं तर खोटं ठरतं, स्तुती केली तर उशीर झालेला असतो. मग बोलायचं तरी काय? इतक्या लांब तो उत्तर घ्यायला आला होता, आणि म्हातारा त्याच्याकडची होती ती उत्तरंही काढून घेत होता. त्याला वस्तादांचा राग आला.

“ते ऱ्हाऊ दे,” वस्ताद म्हणाले. “माझं चित्र बघ.”

फाट्यावर पाणपोई होती. तिच्या रस्त्याकडच्या भिंतीवर वस्ताद तीन दिवस चित्र रंगवत होते, फुकटच. भिंतभर एक बाई, हातात तांब्या. खाली वाकलेला वाटसरू, त्याची ओंजळ. तांब्यातून धार पडते आहे. हिरवं लुगडं असं काही उतरलं होतं, की येणारी-जाणारी माणसं थांबून बघत.

ओजस भिंतीजवळ गेला. मग मागे सरकत सरकत रस्ता ओलांडून पलीकडे गेला. तिथून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. बिचाऱ्याला दोन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी निश्चित दिसलं होतं.

“सांगू?”

“सांग की.”

“धार ओंजळीत पडत नाहीये. चार बोटं बाहेर जातेय.”

“जवळनं तर बरुबर वाटली.”

“इथून स्पष्ट दिसतंय.”

पाणपोईवर सुगंधाबाई बसायच्या. साठीच्या, बोलायला फटकळ. रांजणातून पाणी काढता काढता त्या म्हणाल्या, “कालपास्नं तिघांनी सांगितलं, धार चुकली म्हणून. पानी मात्र तिघंबी पोटभर पिऊन गेले.”

वस्ताद हसले. त्यांनी बांबूची शिडी ओढत आणली आणि भिंतीला लावली. खाली सगळी खडी होती. बाहत्तर वर्षांचा माणूस, एका हातात रंगाचा डबा, तोंडात ब्रश. चढले.

“कुठनं वळवू?”

“तांब्याच्या तोंडापासून. आणखी डावीकडे… नाही, एवढं नाही…”

शिडीचा पाय खडीवरून वीतभर सरकला. डबा हिंदकळला. ओजस धावत रस्ता ओलांडून आला आणि त्याने शिडी दोन्ही हातांनी धरली. 

“धरलीस?”

“धरली.”

“मग सांग आता. डावीकडं किती?”

ओजसने वर पाहिलं. वस्तादांच्या टाचा दिसत होत्या, आणि भिंतीवर नुसता हिरवा रंग. धार कुठली, ओंजळ कुठली, काही कळेना.

“इथून काही दिसत नाही, वस्ताद.”

“मग दिसतंय तिथं जा.”

तो पलीकडे गेला. तिथून सगळं लख्ख दिसत होतं. “दोन बोटं खाली,” असं म्हणेपर्यंत शिडी कलली. तो पुन्हा धावत आला, धरली. पुन्हा वरून आवाज आला, “आता?” पुन्हा काही दिसेना. पुन्हा पलीकडे. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. तिथून धार अर्धीमुर्धी दिसत होती आणि शिडी हाताशी नव्हती. साखर कारखान्याकडून येणाऱ्या ट्रकवाल्याने त्याला बाजूला व्हायला लावलं. जाता जाता त्याच्या घराण्याविषयी दोन शब्दही बोलला.

“सरक तिकडं,” सुगंधाबाई उठून आल्या. त्यांनी पदर खोचला आणि शिडीला पाय अडवून उभ्या राहिल्या. “मी धरती. तू बघून सांग नुसतं. आन् लौकर सांग, माजं गिऱ्हाईक खोळंबलंय.”

“गिऱ्हाईक? तुम्ही पाणी फुकट देता ना?”

“म्हनून काय झालं? तहान फुकट लागती व्हय?”

धार ओंजळीत पडली. वस्ताद खाली उतरले. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज ओजसला ऐकू आला आणि त्याला वाईट वाटलं.

“आमच्यात दोघं लागायचे,” वस्ताद हात पुसत म्हणाले. “एक वर, एक रस्त्यापल्याड. पल्याडचा वरडून सांगायचा, नाक मोठं झालं, डोळा खाली आला. लई नावं ठिवायचा. सदा घोडके म्हणून हुता, त्याची जीभ म्हंजे वस्तरा.”

“मग तुम्हाला राग नाही यायचा?”

“यायचा की. पण दुसऱ्या दिवशी तो वर असायचा आन् मी पल्याड.”

ओजसने मान हलवली. हे समजल्यासारखं वाटलं आणि लगेच निसटलं.

“तुझं काय हाय त्या जागेवर?” वस्तादांनी विचारलं. “बघू तरी.”

“माझं… अजून काही ठेवलेलं नाही.”

“कायच न्हाई?”

“बरंच काढून ठेवलंय. चारशेच्या वर चित्रं असतील. पण एकदा सगळं निर्दोष झालं की मग…”

“हं,” वस्ताद म्हणाले.

ओजसला हा हुंकार मुळीच आवडला नाही. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

“मग तुझा तो खेळ तरी दाव. झाला का पुरा?”

झाला होता. आठ महिने खपून ओजसने तो पुरा केला होता. एका डोंगरावरून घरी परत जाणाऱ्या मुलीचा खेळ. त्याने मोबाईलवर लावून दिला. वस्तादांनी चष्मा पुसून घातला. सुगंधाबाई त्यांच्या खांद्यावरून डोकावल्या.

मुलगी डोंगर उतरू लागली. तिच्या मागे मागे एक करड्या रंगाची शेळी निघाली. मुलगी थांबली की शेळी थांबे. मुलगी पळाली की शेळी आधी विचार केल्यासारखी उभी राही आणि मग पळे.

“अगं बया,” सुगंधाबाई म्हणाल्या. “वळखीची असल्यागत चालतीय.”

वस्ताद शेळी चालवत राहिले. मुलीला चालवत राहिले म्हणायला हवं, पण त्यांचं सगळं लक्ष शेळीवर होतं.

“कुनाची हाय ही?” सुगंधाबाईंनी विचारलं.

“खेळातली आहे,” ओजस म्हणाला.

“ते कळलं. पन कुनाची?”

 वस्तादांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“हीच ती?”

“…हो.”

“एकतीस चुकांची?”

“हो. परवानगी लागत नाही, वस्ताद. कुणीही घ्यावी असंच आहे तिथे. नाव द्यायचीही सक्ती नाही.”

“खेळाच्या शेवटी नावं येत्यात. कुणाकुणाची हायत?”

“माझं आहे.”

“आणिक?”

“एकट्याचंच.”

“घेतलीस म्हणून तिला कळवलंस?”

“नियमात नाही तसं…” ओजस म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून थांबला.

एक म्हातारा पाणी प्यायला आला. सुगंधाबाई गेल्या, त्याला पाणी देऊन परत आल्या. 

“मागच्या शनिवारी,” ओजस हळू म्हणाला, “पाच मित्रांना खेळ खेळायला दिला. पहिल्यांदाच. आठ महिन्यांचं काम होतं, वस्ताद. डोंगर माझा, ढग माझे, त्या मुलीचे केससुद्धा वाऱ्यावर उडतात. पाचही जणांनी खेळ संपल्यावर एकच विचारलं.”

“काय?”

“शेळी कुणी केली?”

“मग?”

“मी विषय बदलला.”

“आन् मुद्दे कधी लिहिलेस?”

“शनिवारी.”

“कुठल्या?”

“त्याच. संध्याकाळी.”

त्याचे कान लाल झाले होते. आठ दिवस ही गोष्ट त्याने स्वतःलासुद्धा सांगितली नव्हती. आता सांगितल्यावर ती फारच लहान आणि फारच घाणेरडी दिसत होती.

“पण मुद्दे खरे आहेत, वस्ताद.” तो जवळजवळ विनवत होता. “मागचा पाय जमिनीत बुडतो. सावली उलट्या बाजूला पडते. कान तिसऱ्या चित्रात नाहीसा होतो. खरंच होतो.”

“होतो की. मलाबी दिसला.”

“म्हणजे माझं बरोबर होतं?”

“बरुबरच हुतं.”

“मग चुकलं कुठे?”

वस्तादांनी मोबाईल त्याच्या हातात दिला. “मला भाकरी खायचीय,” म्हणाले आणि पाणपोईच्या सावलीला गेले.

ओजस रस्त्याकडेच्या दगडावर बसला. एकतीस खऱ्या गोष्टी बोलून माणूस खोटा कसा ठरतो, हे त्याला काही केल्या उमगेना. त्याने सात वेळा लिहिलं आणि सात वेळा खोडलं. आठव्यांदा लिहिलं ते असं होतं:

‘तुझी शेळी मी माझ्या खेळात घेतली आहे. तुला कळवलं नाही. खेळणाऱ्या पाचही जणांना तीच आवडली. मला ते सहन झालं नाही. त्याच संध्याकाळी मी तुझ्या एकतीस चुका लिहिल्या. चुका खऱ्या आहेत. हेही खरं आहे, ते मी लिहिलं नव्हतं. खेळ सोबत पाठवतो. अजून पुष्कळ कच्चा आहे.’

पाठवलं.  भरबाजारात कुणी धोतर फेडावं तसं त्याला झालं. मग तो वस्तादांसमोर जाऊन बसला. वस्तादांनी अर्धी भाकरी त्याच्यापुढे केली. 

दुपार झाली. वस्ताद सावलीत आडवे झाले. सुगंधाबाई ओजसला दर थोड्या वेळानं विचारत, “आलं का काय?” तो मान हलवी. मग त्या म्हणत, “येईल, येईल.” मग पुन्हा थोड्या वेळानं, “न्हाई आलं व्हय?”

चार वाजत आले तेव्हा मोबाईल वाजला. ओजसने उभं राहूनच वाचलं. मग वस्तादांना उठवून मोठ्याने वाचलं.

“‘खेळ दोनदा खेळले. डोंगराच्या दुसऱ्या वळणावर मुलगी दगडाला अडकली की जागच्या जागी पळत राहते, फार हसले. रागावू नका. तुम्ही आज लिहिलंत ते वाचून आधी वाईट वाटलं, मग आईला वाचून दाखवलं. चित्रं अजून काढून टाकलेली नाहीत. खरं सांगायचं तर पाच दिवस झाले, सोडते असं लिहिलं तेव्हाही, तुमचे मुद्दे समोर ठेवून नवी शेळी काढते आहे. अर्धी झाली. कुणाला दाखवायचा धीर होत नाही. तुम्ही बघाल? तुम्ही काय म्हणता त्यावर पुढे काढायची की सगळंच बंद करायचं, ते ठरवीन.’”

“बघ की मग,” वस्ताद म्हणाले.

खाली चित्र होतं. ओजसने ते उघडलं. नवी शेळी. पुढचा भाग रंगवलेला, मागचा नुसत्या रेघांचा. एक पाय उचललेला, मान जराशी वळलेली. चांगली होती. जुनीपेक्षा नक्कीच चांगली होती. ओजसला मनापासून आनंद झाला, आणि तो आनंद पुरता व्हायच्या आत त्याचे डोळे चालू लागले. खूर. गळ्याखालची सावली. पोटाची रेघ. तो त्यांना थांबवू पाहत होता, पण डोळे काही ऐकेनात.

“वस्ताद,” तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. “मला पुन्हा दिसायला लागल्या.”

“काय?”

“चुका. अकरा आहेत.”

वस्तादांनी चष्मा घातला.

“आता काय करू? सांगितल्या तर ती सगळं सोडून देईल. नाही सांगितल्या तर मी तिला फसवलं. ती वाट बघतेय तिकडे. सांगू की नको सांगू? एक काय ते सांगा मला.”

वस्तादांनी हात पुढे केला. ओजसने मोबाईल दिला. वस्तादांनी तो आधी डोळ्यांजवळ धरला, मग हात लांब करून पाहिला. मग सुगंधाबाईंना म्हणाले, “जरा धरा बाई,” आणि त्यांच्या हातात देऊन आपण रस्ता ओलांडून पलीकडे गेले. तिथे उभे राहून, डोळ्यांवर हात धरून, एवढ्याशा मोबाईलमधली एवढीशी शेळी बराच वेळ बघत राहिले. तिथून काय दिसत असेल, देव जाणे. दोन गाड्या मधून गेल्या…

मग ते सावकाश परत आले. मोबाईल घेतला आणि ओजसच्या हातात ठेवला.

“अकरा तू जवळनं मोजल्यास,” वस्ताद म्हणाले. “आता पल्याडनं बघ. शेळी कुठं निघालीय?”